कबुलीचा तास

नात खुर्चीच्या मागे उभी होती आणि बाई टेबलाच्या पलीकडे हात जुळवून बसल्या होत्या. घंटा वाजून झाली होती, प्रार्थना झाली होती, पाटी-पुस्तक मांडून झाले होते. आता एकच गोष्ट राहिली होती आणि तीच काही केल्या होत नव्हती.

"आठव," बाई म्हणाल्या. "काल दिवसभरात काहीतरी चुकलंच असेल."

चिऊने आठवले. सहा वर्षांचे पोर ते, त्याचा कालचा दिवस असून असून केवढा असणार? उठली, न्याहारी केली, आजोबांच्या पावाच्या गाडीत बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, चित्र काढले, झोपली. तिने मान हलवली.

"काही नाही, आजी."

"टेबलाशी आजी नाही. बाई."

"काही नाही, बाई."

हा बाईंचा जुना नियम. शाळा सुरू होण्याआधी मुलाने कालची एक चूक सांगायची. सांगेपर्यंत खुर्चीच्या मागे, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे. सांगितली की बाई स्वतः उठून खुर्ची ओढून देत, डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "क्षमा झाली. बैस आता." मन स्वच्छ नसेल तर अक्षर स्वच्छ येत नाही, असे त्यांचे म्हणणे. चुकीशिवायचा दिवस माणसाच्या वाट्याला येतच नाही, याबद्दल तर त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे "काही नाही" हे उत्तर चालत नसे. "काही नाही" म्हणजे गर्व, आणि गर्व म्हणजे आणखी एक चूक. आता यातून लहान पोराने सुटायचे कसे, हा प्रश्न बाईंना कधी पडला नाही. त्यांना तो नियम म्हणजे निव्वळ दया वाटे. रोज सकाळी कोरी पाटी मिळते, यापरते भाग्य ते कोणते?

बाईंना सगळे बाईच म्हणत. शेजारीपाजारी, चर्चच्या मंडळीतले लोक, तिथले पाळकसाहेब, आणि घरात नवरासुद्धा. नवरा पावाची गाडी चालवायचा. भल्या पहाटे बेकरीतून माल उचलायचा, दुकानोदुकानी टाकायचा आणि दुपारी घरी येऊन तंगड्या पसरायचा. "आमच्याकडे शाळेतच राहायची सोय आहे," असे तो बेकरीत सांगून हशा पिकवायचा. बाई एके काळी खरोखरच एका प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. थोरला पहिलीत असताना एक दिवस घरी आला आणि प्रार्थना न करताच ताटावर बसला. का रे, विचारले तर म्हणाला, शाळेत कुणीच करत नाही, मुलं हसतात. झाले. त्याच आठवड्यात बाईंनी आपली नोकरी आणि मुलाचे नाव, दोन्ही शाळेतून काढून घेतले. निघताना एक जुनी पितळी घंटा तेवढी मागून आणली.

मग जेवणाच्या टेबलावर शाळा भरू लागली. थोरला होताच, पुढे त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असलेली धाकटीही त्यात आली. उगाच खोटे कशाला बोला, बाई शिकवायच्या छान. त्यांच्या शाळेत देव वेगळ्या तासाला येत नसे, तो प्रत्येक तासाला हजर असे. जलप्रलयातल्या तारवाची लांबी-रुंदी घेऊन क्षेत्रफळ निघे. प्रेषितांची जहाजे ज्या बंदरांना लागली, त्या बंदरांवरून भूगोल होई. देवाने सृष्टी घडवली त्या सहा दिवसांचे विज्ञान: पहिल्या दिवशी प्रकाश झाला, म्हणून त्या आठवड्यात सावल्या, आरसे आणि भिंग. धाकटीला भिंगाचे वेड लागले ते तेव्हाच. थोरला जरा आगाऊ. चमत्काराच्या गोष्टीतल्या पाच भाकरी पाच हजारांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, हे गणित त्याने दशांशात सोडवून दाखवले आणि वर विचारले, "मग टोपल्या भरून उरल्या कशा? माझा भागाकार तर बरोबर आहे." त्या दिवशी तो बराच वेळ खुर्चीच्या मागे होता. नवऱ्याला हे कळले तेव्हा तो पोट धरून हसला, आणि बाईंनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

त्याच थोरल्याची एक गोष्ट बाई आयुष्यभर सांगत आल्या. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला वाटायचा पाव त्यांच्याच घरून जाई. नवरा शनिवारी तो निवडून आणी आणि बाई तो पांढऱ्या कपड्याखाली फळीवर ठेवत. एका शनिवारी कपडा उचलून बघतात तर पावाचा कोपरा कुणीतरी तोडून खाल्लेला. त्यांनी दोन्ही मुलांना दोन खुर्च्यांमागे उभे केले. रागावल्या नाहीत, हात उचलला नाही, फक्त समोर बसून राहिल्या. थोरला दहा वर्षांचा, धाकटी पाच. सकाळ सरत आली तेव्हा थोरला बोलला, "मी तोडला." बाईंनी त्याला कवटाळले. त्या आनंदाने रडल्या, अगदी हमसून रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मंडळीपुढे उभे करून तेच पुन्हा म्हणायला लावले, आणि पाळकसाहेब म्हणाले, घर असावं तर असं.

तिथून बाईंचे नाव झाले. मुलांना घरीच शिकवू पाहणाऱ्या आया त्यांच्याकडे येऊ लागल्या, दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी येऊ लागली. तारवाचे गणित, बंदरांचा भूगोल सगळे सांगून झाले की शेवटी बाई पावाची साक्ष देत. खुर्चीमागे उभा असलेला आपला मुलगा, त्याचे ते दोन शब्द. दर वेळी त्याच ठिकाणी त्यांचा गळा भरून येई, आणि ते खोटे नसे.

तो मुलगा आता दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. बाईंच्या वाढदिवसाला न चुकता फोन करी. ठीक आहे, बरा आहे, हो, करतो प्रार्थना. चार वाक्यांत फोन संपे. कामात असतो बिचारा, असे बाई म्हणत.

धाकटी मात्र जवळ होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम करी. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तिची मुलगी चिऊ शाळेच्या फाटकाशी गेली की उलटी करायची. औषधे झाली, समजावून झाले, गोडीगुलाबी झाली, शेवटी शाळेनेच सांगितले की यंदाचे वर्ष घरी ठेवा. घरी ठेवा म्हणजे कुणाजवळ ठेवा? धाकटी बरेच दिवस टाळत होती, मग नाइलाजाने आईकडे आली.

बाईंना आभाळ ठेंगणे झाले. किती वर्षे ते टेबल नुसते जेवणापुरते उरले होते. त्यांनी घंटा चिंचेने घासून लखलखीत केली. खुर्ची चिऊला बुटकी पडेल म्हणून उशी शिवली. धाकटी हे सगळे बघत दारातच उभी राहिली आणि म्हणाली, वाचन शिकव, गणित शिकव, प्रार्थना, गाणी, सगळं शिकव, माझी ना नाही.

"फक्त ते खुर्चीमागे उभं करणं नको, आई. आठ दिवस बघू. जमलं तर वर्षभर तुझ्याकडेच."

"बरं," बाई म्हणाल्या.

आणि मनात म्हणाल्या, बघू.

दोन दिवस त्यांनी शब्द पाळला. शाळा भरली, सुटली. चिऊ भराभर शिकत होती, हसत होती. पहिल्या दिवशी आरशाने भिंतीवर कवडसा नाचवून झाला, दुसऱ्या दिवशी आभाळ आणि पाणी झाले. पण बाईंना सगळे अळणी लागत होते. पाया न घालताच भिंत चढवतो आहोत असे वाटे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, एवढ्याने काय होते? आपल्या पोरांचे काय वाईट झाले? आणि चिऊ खुर्चीवर चढू लागली तसा हात आडवा केला.

ती अजून तिथेच उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला, दुसऱ्यावरचा पहिल्यावर आला. बाई वाट बघत होत्या. वाट बघण्यात त्यांचा हातखंडा होता.

चिऊ खोलीभर नजर फिरवू लागली. भिंत, घड्याळ, मग खिडकी. खिडकीत कुंडी होती. काल तिच्यात एक लाल फूल होते, आज नव्हते. चिऊचे डोळे कुंडीवर थांबले.

"मी कुंडीतलं फूल तोडलं," ती म्हणाली.

फूल बाईंनीच तोडले होते. सृष्टीचा तिसरा दिवस म्हणजे झाडेवेली, त्या धड्यासाठी पहाटे खुडून, ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी ते खणात ठेवले होते.

"कधी तोडलंस?"

"काल. तुम्ही आत होता तेव्हा."

"का गं?"

"आवडलं म्हणून. मग मी ते बाहेर टाकून दिलं. चुकलं माझं."

एक शब्द अडखळला नाही. आवाज हळू, मान थोडी खाली, हात खुर्चीच्या पाठीवर. अशी सुरेख कबुली बाईंनी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. त्यांनी खण उघडला, रुमाल सोडला आणि फूल टेबलावर ठेवले.

चिऊने फुलाकडे बघितले, मग बाईंकडे बघितले.

"मग खोटं का बोललीस?" बाईंनी विचारले.

"बसायचं होतं." चिऊ थोडी थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. "मी खोटं बोलले. ही चूक चालेल का?"

बाई उठल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून दिली. क्षमा झाली, हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. फुलाच्या पाकळ्या, केसर, देठ असे काहीबाही त्या सांगत राहिल्या, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. चिऊ मात्र मजेत होती. तिला बसायला मिळाले होते.

दुपारच्या सुट्टीत धाकटी दुकानातून आली. बाईंनी ठरवले होते की हे आपणच नीट सांगू, जरा सवडीने. पण चिऊला कुठला दम निघायला? ती आईच्या कमरेला बिलगली आणि म्हणाली, "आई, आज मी खोटं बोलले ना, मग मला बसू दिलं."

धाकटीने आधी खुर्चीकडे बघितले. मग ती खाली वाकली, चिऊच्या चपला शोधल्या, तिच्या पायांत घातल्या आणि तिला सांगितले की आजोबांची गाडी आली आहे, जा, गाडीत जाऊन बस. पोर उड्या मारत गेले. धाकटी टेबलावरची चित्रे गोळा करू लागली. बाई म्हणाल्या की एकदाच केले, सवयीने झाले, आणि तू उगाच राईचा पर्वत करू नकोस. धाकटी ऐकून घेत होती. रंगखडूंचा डबा बंद करताना ती म्हणाली, "आम्ही रात्री वाटून घ्यायचो."

"काय?"

"पापं. दादा आणि मी. उद्या तू आळस घे, मी हेवा घेते. काल मी आळस घेतला होता, रोज रोज तोच घेतला तर बाईंना संशय येईल. अंथरुणात पडल्या पडल्या ठरायचं सगळं. दादा मला पाठ करून घ्यायचा."

बाई हसल्या. खरेच हसल्या, कारण दुसरे काय करावे ते त्यांना सुचले नाही. म्हणाल्या, मुलं ती, कधीतरी केली असेल गंमत.

"कधीतरी नाही, आई. रोज. खरं काही केलं असलं तर ते कुणी तिथे सांगायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं."

"पण पाव," बाई म्हणाल्या. तेवढा एकच दोर त्यांच्या हाती उरला होता. "पावाचं तर त्याने खरं सांगितलं."

धाकटीने डबा पिशवीत टाकला. ती आईकडे बघत नव्हती.

"पाव मी तोडला होता. मला शू लागली होती आणि तू हलू देत नव्हतीस. मी रडायला लागले, दादाने बघितलं, आणि तो म्हणाला मीच."

"मग तू का नाही बोललीस? त्याच वेळी का नाही बोललीस?"

"तू किती खूश झालीस ते आठवतं का तुला? रडलीस तू. त्याला छातीशी धरलंस. तुला असं कधी बघितलंच नव्हतं आम्ही. मग कोण बोलणार? आणि दुसऱ्या दिवशी तर त्याला सगळ्यांपुढे उभं केलंस. मी पहिल्या बाकावर होते. त्यानंतर तो प्रार्थनेला डोळे मिटायचाच नाही. मी बघायचे ना."

बाई म्हणाल्या, मी जे केलं ते तुमच्या भल्यासाठी केलं, देवाची शपथ.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "म्हणून तर कुणाला काही सांगता आलं नाही. तू वाईट असतीस तर सोपं गेलं असतं."

बाईंनी विचारले, उद्या आणशील ना तिला. धाकटी म्हणाली, नाही. चिऊला दुकानात काउंटरमागे बसवीन, मालकाला विचारते, तो नाही म्हणाला तर बघू. प्रार्थना मी घेईन तिची रात्री, तेवढं येतं मला. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि टेबलावरचे फूल उचलून पिशवीत ठेवले, कारण चिऊने ते मागितले असते. जाताना तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. भांडण झाले असते तर बरे झाले असते, इतका तो हात हलका होता.

खाली गाडी सुरू झाली. नवरा त्या दोघींना घरी सोडायला निघाला होता.

बाईंना पहिल्यांदा आठवण झाली ती त्या सगळ्या मंडळ्यांची. किती सभागृहे, किती आया, मान हलवणारी किती तोंडे. त्यांतल्या कितींनी घरी जाऊन मुलांना खुर्चीमागे उभे केले असेल? आणि त्या घरांतही रात्री अंथरुणात वाटणी होत असेल का? हे आधी मनात आले आणि थोरला नंतर आला, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी फोन उचलला.

बऱ्याच वेळाने थोरल्याने घेतला. मागे लोखंडाचा खणखणाट होता. आज वाढदिवस नव्हता, म्हणून तो घाबरला. बाबा बरे आहेत ना, काय झालं? बाई म्हणाल्या, सगळे बरे आहेत.

"एक विचारायचं होतं. तो प्रभुभोजनाचा पाव. तू नव्हता तोडलास ना?"

खणखणाट थांबला. त्याने कुणाला तरी हात दाखवून थांबवले असावे. त्याने ओरडावे, शिव्या द्याव्यात, इतक्या वर्षांनी का विचारतेस म्हणून फोन आपटावा, बाईंना काहीही चालले असते.

"मीच तोडला होता, आई," तो म्हणाला. "चुकलं माझं."

एक शब्द अडखळला नाही. आवाज हळू, सरळ, तयार. तोच आवाज सकाळी चिऊला फुटला होता. मंडळीपुढे तोच आवाज होता. दर वाढदिवसाला "हो, करतो प्रार्थना" म्हणायचा तोही तोच. बाईंनी तो आता कुठे ओळखला.

"धाकटीने सांगितलं मला सगळं," त्या म्हणाल्या.

"ती लहान होती. तिला काय आठवणार?" मग जरा घाईने, "आई, वर लोक अडकलेत. ठेवू का?"

"ठेव," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या टेबलाजवळ आल्या. घंटा होती तिथेच होती. उशीची खुर्ची चिऊने मागे सरकवली होती तशीच तिरकी पडली होती. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले. इतक्या वर्षांत त्या या बाजूला कधी आल्या नव्हत्या. इथून समोरची रिकामी खुर्ची फार उंच दिसत होती. काहीतरी बोलायला हवे होते, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. कालची चूक सांगायची असा नियम होता, आणि ही कालची नव्हती.

नवरा परतला तेव्हा त्या तशाच होत्या. त्याच्या काखोटीला विकायचा राहिलेला पाव होता. त्याला वाटेत काही कळले होते की नव्हते, तोंडावरून समजत नव्हते.

"बाई, उभ्या का?" तो म्हणाला. "बसा की."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बसते मग."

त्याने पाव टेबलावर ठेवला, घंटा उचलून फळीवर ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढून बसला. पावाचा कोपरा तोडून त्याने बाईंपुढे धरला. बाईंचे हात खुर्चीच्या पाठीवरून निघाले नाहीत, तेव्हा त्याने तो त्यांच्या बाजूला टेबलावर ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा तोडला.